विंचवाचे व कोळ्याचे विष आणि मेंदूचा कर्करोग

सास्तूर, किल्लारी आणि त्या पंचक्रोशीतील जुनी घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्या घरांच्या भिंती आठवल्यावाचून राहणार नाहीत. ओबडधोबड काळा दगड मातीत बसवून रचलेल्या त्या जाडजूड भिंती, आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने तोललेले मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही रचना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने अवघ्या काही क्षणांत खाली आणली आणि शेकडो कुटुंबे तिच्याखाली गाडली गेली. त्या भिंतींविषयी एक गौण वाटणारी गोष्ट प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दगडामातीच्या सांध्यांतून, शेणकुटाच्या ढिगाखाली, बांधावरच्या दगडांच्या आडोशाला तांबडा विंचू पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेला आहे. घर पडले, गाव नव्या जागी उभे राहिले, भिंतीची वीट बदलली. परंतु शेताचा बांध तोच राहिला आणि बांधावरचा विंचूही तोच राहिला.

या विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेंटोट्टा टॅम्युलस असे आहे. फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे दीर्घकाल तो ब्यूथस टॅम्युलस व नंतर मेसोब्यूथस टॅम्युलस या नावांनी ओळखला जात असे, आणि जुने संशोधन-साहित्य चाळताना ही तिन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत हे विद्यार्थ्याने विसरता कामा नये. ज्याच्या दंशाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत असंख्य मुले दगावली, त्याच प्राण्याच्या विषातील दोन रेणू आज जगभरच्या मज्जाशास्त्राच्या प्रयोगशाळांत नित्य वापरात आहेत, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. अष्टपाद प्राण्यांची, म्हणजे विंचू व कोळी यांची, विषे मेंदूच्या कर्करोगावरील आणि मेंदूतील दाहावरील संशोधनात कशी उपयोगी पडत आहेत, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विष म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. विंचवाचे किंवा कोळ्याचे विष हा एकच पदार्थ नव्हे. त्यात क्षार, लहान सेंद्रिय रेणू, विकरे आणि मुख्यतः अनेक पेप्टाइडे यांचे मिश्रण असते. ही पेप्टाइडे बहुधा तीस ते सत्तर ॲमिनो अम्लांची असतात, आणि गंधकाच्या अणूंमधील तीन-चार बंधांनी त्यांची साखळी स्वतःभोवती गाठ मारल्यासारखी घट्ट बांधलेली असते. कोळ्यांच्या बऱ्याच पेप्टाइडांत तर एक बंध इतर दोन बंधांनी तयार झालेल्या वेढ्यातून आरपार जातो, आणि त्या गाठीमुळे ते उष्णता, अम्ल व प्रथिनभक्षक विकरे यांना सहजी दाद देत नाहीत. सामान्य प्रथिन रक्तात फार काळ टिकत नाही, हे गाठोडे टिकते. औषधनिर्मात्याच्या दृष्टीने या टिकाऊपणाचे मोल मोठे आहे.

या पेप्टाइडांचे लक्ष्य बहुशः पेशीच्या पटलावरील आयन-द्वारे हे असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड या आयनांची ये-जा नियंत्रित करणारी ही प्रथिने म्हणजे मज्जातंतूच्या संदेशवहनाची मूळ यंत्रणा होय. भक्ष्य क्षणार्धात निश्चेष्ट व्हावे म्हणून उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षे या द्वारांवर नेम धरला आहे. एखादे पेप्टाइड शेकडो प्रकारच्या द्वारांतून नेमके एकच ओळखते आणि तेही अत्यल्प मात्रेत. मनुष्याने प्रयोगशाळेत बनविलेल्या औषधांना ही निवड क्वचितच साधते.

तांबड्या विंचवाच्या दंशात काय घडते, ते या दृष्टीने पाहावे. त्याच्या विषातील लांब साखळीची पेप्टाइडे सोडियमची द्वारे मिटू देत नाहीत. मज्जातंतू पुनःपुन्हा उद्दीपित होतात, स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते. आरंभी वांत्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे. मग रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठू लागते. हा क्रम शय्येपाशी बसून बारकाईने टिपणारा वैद्य महाराष्ट्रातच निपजला. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७६ पासून रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले, आणि दंशाची ही पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त औषधाचा त्यांनी केलेला उपयोग १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. हे औषध विषाला निष्प्रभ करीत नाही; विषाने सोडलेल्या ॲड्रिनलीनसदृश द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील मारा ते अडविते. पुढे २०११ मध्ये बावस्कर पतिपत्नींनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सत्तर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनबरोबर विंचू-प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत ओसरली. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जणांचीच ओसरली. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली. या कथेचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. विष कोणत्या द्वाराशी काय करते याचे ज्ञान उपचाराला कसे वळण देते, याचा आपल्या घरचा दाखला म्हणून तो आणला आहे.

आता मेंदूच्या कर्करोगाकडे वळू. मेंदूत मज्जापेशींखेरीज त्यांना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या व जखमा भरून काढणाऱ्या ग्लायल पेशी असतात. त्यांच्यापासून उद्भवणाऱ्या अर्बुदांना ग्लायोमा म्हणतात, आणि त्यांतील सर्वांत उग्र प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. त्याची अडचण तीन तऱ्हांची आहे. एक, त्याच्या पेशी मुख्य गाठीत थांबत नाहीत. त्या निरोगी मेंदूच्या तंतूंमधून वाट काढीत दूरवर पसरतात, त्यामुळे शस्त्रवैद्याला गाठ कोठे संपते हे डोळ्यांनी ओळखताच येत नाही. दोन, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशींचा जो घट्ट अडसर आहे तो बहुतेक औषधांना मेंदूत शिरू देत नाही. तीन, हे अर्बुद शरीराच्या संरक्षक पेशींनाच आपल्या बाजूला वळविते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध असा उपचार २००५ मध्ये रूढ झाला. त्या वर्षीच्या मोठ्या चाचणीत औषध जोडल्याने मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने. एवढ्या लाभासाठी केवढी खटपट करावी लागली, आणि तो मिळाल्यावर केवढा उत्सव झाला, यावरून या व्याधीचे काठिण्य कळून येईल.

येथे विंचवाचा प्रवेश होतो. उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील लेयुरस क्विन्क्वेस्ट्रिएटस या अत्यंत विषारी पिवळ्या विंचवाच्या विषातून १९९३ मध्ये, म्हणजे आपल्या भूकंपाच्याच वर्षी, क्लोरोटॉक्सिन नावाचे ३६ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. क्लोराइड-द्वारांवर ते परिणाम करते अशी समजूत झाल्यामुळे त्याला हे नाव पडले. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात हाराल्ड सॉन्टहायमर यांच्या गटाला ग्लायोमाच्या पेशींत क्लोराइडचे विशेष प्रवाह आढळले होते. १९९८ मध्ये त्यांनी दाखविले की क्लोरोटॉक्सिन ग्लायोमाच्या पेशींना चिकटते, निरोगी मेंदूच्या पेशींना मात्र जवळजवळ चिकटत नाही. मागाहून असे दिसून आले की या चिकटण्यात पेशीबाहेरील जाळे कुरतडणाऱ्या एमएमपी-२ या विकराचा हात आहे. ग्लायोमाची पेशी मेंदूत वाट काढते ती याच विकराच्या साहाय्याने. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ॲनेक्सिन-ए२ हेही एक लक्ष्य म्हणून सुचविण्यात आले. नेमके लक्ष्य कोणते, यावर अद्याप एकमत नाही. आणि नाव क्लोराइडवरून पडले असले तरी क्लोराइडशी असलेले त्याचे नाते आता दुय्यम ठरले आहे. शास्त्रीय नावे कधी कधी एका चुकीचे स्मारक होऊन बसतात.

या चिकटण्याचा उपयोग तीन मार्गांनी करण्यात आला. पहिला मार्ग किरणोत्सर्गी आयोडीन जोडण्याचा. कृत्रिम रीत्या बनविलेल्या क्लोरोटॉक्सिनला आयोडीन-१३१ जोडून, अर्बुद काढल्यावर उरलेल्या पोकळीत ते सोडण्याची १८ रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ते सुरक्षित ठरले, पण त्यातून बाजारात येण्याजोगे औषध आजवर निष्पन्न झालेले नाही. दुसरा मार्ग अधिक कल्पक आहे. सिअ‍ॅटल येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोटॉक्सिनला अवरक्त प्रकाशात चमकणारा रंग जोडला आणि उंदरांमध्ये अर्बुदाच्या पेशी उजळून दाखविल्या. २००७ च्या या निबंधानंतर त्या कल्पनेला ‘अर्बुदाचा रंग’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि त्याच्या सुधारित आवृत्तीच्या चाचण्या मनुष्यांवर झाल्या. गाठ कोठे संपते, या शस्त्रवैद्याच्या जुन्या प्रश्नाला विंचवाच्या विषाने दिलेले हे उत्तर होय. या उपायाने रोग मारला जात नाही, तो दाखविला जातो. आणि मेंदूसारख्या अवयवात, जेथे एक गहू जास्त कापले तर वाचा किंवा हालचाल जाते, तेथे दाखविणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

तिसरा मार्ग २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेने पुढे आणला. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांच्या पटलावर क्लोरोटॉक्सिन हाच शोधक भाग म्हणून बसवायचा आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी एकमेकींपासून इतक्या भिन्न असतात की एकाच प्रतिजनावर नेम धरणाऱ्या टी-पेशींना बऱ्याच पेशी चुकवून निसटतात. क्लोरोटॉक्सिन मात्र रुग्णांकडून घेतलेल्या अर्बुदांतील बहुतांश पेशींना चिकटले. उंदरांवरील यशानंतर पुनरुद्भव झालेल्या रुग्णांवरील चाचणी सुरू करण्यात आली. कोट्यवधी वर्षांपूर्वी किडे टिपण्यासाठी घडविलेले एक पेप्टाइड मनुष्याच्या रक्तपेशीच्या हाती शस्त्र म्हणून द्यावे, ही कल्पना कादंबरीकारालाही सुचली असती की नाही, याची शंका आहे.

आपल्या तांबड्या विंचवाकडे परत येऊ. त्याच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन हे ३७ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. कॅल्शियमने उघडणाऱ्या मोठ्या वाहकतेच्या पोटॅशियम-द्वारांना ते अडविते, आणि इतर प्रकारच्या द्वारांना जवळजवळ स्पर्शही करीत नाही. ही द्वारे ग्लायोमाच्या पेशींत विपुल असतात. अरुंद फटीतून जाताना पेशीला आपले आकारमान घटवावे लागते. त्यासाठी पोटॅशियम व क्लोराइड बाहेर सोडून पाठोपाठ पाणीही सोडावे लागते. ही द्वारे अडविली तर पेशीची हालचाल मंदावेल, असा तर्क त्यावरून बांधण्यात आला. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एका दिशेचे नाहीत. द्वारे उघडणाऱ्या द्रव्यांनीही हालचाल रोखली जाते असे २००३ मध्ये एका गटास आढळले. विद्यार्थ्याने यावरून गोंधळून जाऊ नये. आयनांचा समतोल दोहोंपैकी कोणत्याही बाजूने ढळला तरी पेशीची चाल बिघडावी, हे असंभाव्य नाही. २००२ मध्ये याच विंचवापासून टॅमापिन हे ३१ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड मिळाले. लहान वाहकतेच्या पोटॅशियम-द्वारांच्या एका विशिष्ट उपप्रकाराला ते इतक्या अल्प प्रमाणात अडविते की मज्जाशास्त्रज्ञांना ते हाताशी असलेले अत्यंत सूक्ष्म हत्यार वाटते. ही दोन्ही पेप्टाइडे औषधे नव्हेत. ती संशोधनाची साधने आहेत, आणि परदेशी कंपन्या ती कुपीत भरून विकतात. बांधावरच्या विंचवाच्या नांगीतला रेणू आपल्या प्रयोगशाळांनी आयात करावा लागावा, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

कोळ्यांविषयी आपल्याकडे समज अधिक आणि माहिती कमी. अंगावर फोड उठले की कोळी फिरला असे म्हणण्याची खेड्यांत रीत आहे. बहुधा तो फोड नागिणीचा किंवा विषारी स्रावाच्या एखाद्या कीटकाचा असतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र कोळ्यांचे सोळा आणि विंचवांचे तीस प्रकार सांगितले आहेत, आणि विंचवांना मंदविष, मध्यविष व महाविष अशा गटांत विभागले आहे. विषाच्या तीव्रतेत भेद असतात हे निरीक्षण त्या काळीही झाले होते. मेंदूच्या कर्करोगाच्या दृष्टीने आज चर्चेत असलेला कोळी आपल्याकडचा नाही. ब्राझीलमधील फोन्युट्रिया नायग्रिव्हेंटर हा भटका कोळी जाळे विणीत नाही, तो रात्री हिंडून शिकार करतो, आणि केळीच्या घडांतूनही सापडतो. काम्पिनास येथील संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की त्याच्या विषाने रक्त-मेंदू अडसर काही काळ उघडतो आणि पुन्हा मिटतो. अडसर उघडणारे साधन हाती आले तर औषध मेंदूत नेण्याचा मार्ग मिळेल, हा त्यामागचा विचार. पुढे याच विषातील घटकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींची वाढ व स्थलांतर प्रयोगनळीत कमी केल्याचे, आणि भक्षकपेशींना अर्बुदाविरुद्ध अधिक सक्रिय केल्याचेही त्यांनी दाखविले. हे सर्व अद्याप प्रयोगशाळेतील आहे, रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही.

परंतु त्या विषाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. अडसर उघडताना ते मेंदूतील आधारपेशींना उद्दीपित करते आणि दाहाच्या संदेशवाहक द्रव्यांचे प्रमाण बदलते. दाह कसा पेटतो आणि कसा विझतो, याचा नियंत्रित नमुना म्हणूनही त्याचा उपयोग होतो. मेंदूतील दाह ही सर्वसामान्य सूज नव्हे. मेंदूत दाहाची मुख्य कर्ती मायक्रोग्लिया ही पेशी आहे. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये तिची स्वतंत्र ओळख पटवून दिली. शांत असताना ती आपल्या बारीक शाखा हलवीत परिसराची देखरेख करते. इजा होताच आकार बदलून मृत पेशी गिळते आणि दाहकारी द्रव्ये सोडते. ही द्रव्ये थोडी असतील तर मेंदू बरा होतो, अतिरेक झाला तर निरोगी मज्जापेशीही मरतात. मायक्रोग्लिया अशी खवळते तेव्हा तिच्या पटलावर केव्ही-१.३ नावाची पोटॅशियम-द्वारे वाढतात. ही द्वारे विंचवांच्याच काही पेप्टाइडांनी नेमकी अडविता येतात. मार्गाटॉक्सिन आणि अ‍ॅगिटॉक्सिन ही त्यांची नावे. त्यांतील दुसरे तर क्लोरोटॉक्सिन देणाऱ्या लेयुरसपासूनच मिळालेले आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे द्वार अडविल्यावर मायक्रोग्लियाची मज्जापेशी मारण्याची शक्ती घटली. ग्लायोब्लास्टोमात या पेशी व रक्तातून आलेल्या भक्षकपेशी मिळून अर्बुदाचा लक्षणीय भाग व्यापतात, आणि त्यांना तेथे विरोध करण्याऐवजी अर्बुदाची सेवा करावयास लावलेले असते. कर्करोग आणि दाह हे दोन विषय येथे एकमेकांत मिसळून जातात.

पक्षाघातातील दाहासंबंधी कोळ्यांचे कार्य याहून स्पष्ट आहे. रक्तपुरवठा खुंटला की मेंदूचा तो भाग अम्ल होतो, आणि अम्लाने उघडणारी एएसआयसी-१ए ही द्वारे मज्जापेशींत आयनांचा पूर आणून त्यांना मारतात. त्रिनिदादमधील सॅल्मोपिअस केम्ब्रिजाय या मोठ्या कोळ्यापासून २००० मध्ये मिळालेले सॅल्मोटॉक्सिन हे पेप्टाइड ही द्वारे अडविते, आणि २००४ मध्ये त्याने उंदरांत मेंदूची हानी कमी होते हे सिद्ध झाले. त्याच पेप्टाइडाने ग्लायोमाच्या पेशींतील एक विशेष सोडियम-प्रवाहही अडतो, हेही त्याच सुमारास दिसून आले. पुढे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात ग्लेन किंग यांच्या गटाने के’गारी बेटावरील हॅड्रोनिची इन्फेन्सा या नरसाळ्याच्या आकाराचे जाळे विणणाऱ्या कोळ्यापासून एचआय१ए हे पेप्टाइड मिळविले. त्यात सॅल्मोटॉक्सिनसारख्या दोन गाठी एकापाठोपाठ जोडलेल्या आहेत. २०१७ च्या त्यांच्या निबंधात, उंदरांना पक्षाघात झाल्यानंतर आठ तासांनीही दिलेल्या अत्यल्प मात्रेने हानी बरीच कमी झाल्याचे नोंदविले आहे. आठ तास हा आकडा आपल्याकडील ग्रामीण परिस्थितीत वाचला म्हणजे त्याचे महत्त्व अधिक समजते. सास्तूरच्या शेतकऱ्याला पक्षाघातानंतर मोठ्या रुग्णालयात पोहोचावयास किती वेळ लागतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या विषयाला एक काळी बाजूही आहे, आणि ती न सांगणे योग्य होणार नाही. ‘विंचवाच्या विषाने कर्करोग बरा होतो’ असे वाक्य वर्तमानपत्रातून येते तेव्हा वाचकाला ते विषाचे थेंब घेण्याचे आमंत्रण वाटते. क्यूबातील निळ्या विंचवाच्या विषापासून बनविलेले म्हणून एक द्रावण कर्करोगावर म्हणून बराच काळ विकले गेले. त्याने रुग्ण बरे होतात हे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. वर सांगितलेले प्रत्येक पेप्टाइड शुद्ध करून, बहुधा जिवाणूंत किंवा रासायनिक रीतीने पुन्हा तयार करून, मग वापरले जाते. कच्चे विष घेण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. कच्च्या विषात क्लोरोटॉक्सिनच्या शेजारीच हृदय थांबविणारी पेप्टाइडे असतात. धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा तालुके आणि शेजारचा बार्शी तालुका यांत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू आहे. खेड्यातील कर्करोग केवढा आहे हे तिच्यामुळे आपणास ठाऊक झाले. त्या खेड्यांतील एखाद्या रुग्णाने किरणोपचार सोडून विषाच्या बाटलीमागे धावू नये, याची जबाबदारी विषावर संशोधन करणाऱ्यांवर इतरांपेक्षा अधिक येते.

आपल्या भागात काय करता येईल, याचाही येथे विचार करावा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम व दक्षिण भारतातील तांबड्या विंचवांच्या विषांतील प्रथिनांचे पट एकसारखे नाहीत असे आढळले. म्हणजे कोकणातील विंचवाचे विष वापरून बनविलेले प्रतिविष मराठवाड्यातील दंशावर तितकेच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. आणि कोकणातील विंचवात न मिळालेले पेप्टाइड येथील विंचवात मिळण्याचा संभव आहे. काळ्या जमिनीतील आणि मुरमाड माळावरील विंचवांचे विष विजेच्या सौम्य धक्क्याने काढून, प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण, ऋतू व प्राण्याचे लिंग नोंदवून, त्यांचे पट शेजारी शेजारी मांडणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन वर्षांत करता येण्यासारखे आहे. त्यासाठी रात्री अतिनील दिवा घेऊन बांधावर जावे लागेल. त्या प्रकाशात विंचू हिरवट निळे चमकतात, आणि दगड उलटावे लागत नाहीत. पायात उंच बूट, हातात लांब चिमटा आणि बरोबर एक जाणकार सहकारी असावा. जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे किंवा नाही, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.